फेरमत कोणत्या सालातून?

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोली मतदारसंघाचा निकाल १,६३२ मतांनी लागला. काँग्रेसचे राजीव सातव आणि शिवसेनेचे सुभाष वानखेडे, दोघांच्याही पारड्यात ४ लाख ६५ हजारांहून अधिक मतं होती. त्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसच्या दोनच जागा वाचल्या, नांदेड आणि हिंगोली. सातव २०१९ची लोकसभा लढले नाहीत. २०२०मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि १६ मे २०२१ रोजी, कोरोनानंतर प्रकृती ढासळून, वयाच्या ४६व्या वर्षी पुण्यात वारले. वानखेडे २०१९मध्ये पुन्हा उभे राहिले ते काँग्रेसच्या पंजावर, आणि पावणेतीन लाखांहून अधिक मतांनी पडले.

हे सगळं माहीत असताना २०१४चं मतयंत्र पुन्हा समोर आलं, तर आपण कोणतं बटण दाबू?

जुन्या निवडणुकांत नव्याने मत देऊन पाहण्याची हौस अमेरिकेत फार आहे. १९७२ साली निक्सन ५०पैकी ४९ राज्यं जिंकले आणि दोन वर्षांच्या आत, ऑगस्ट १९७४मध्ये, वॉटरगेटमुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. मॅसॅच्युसेट्स या एकाच राज्याने त्यांना नाकारलं होतं. आम्हाला दोष देऊ नका, आम्ही मॅसॅच्युसेट्सचे, असं तिथले लोक मोटारींवर चिकटवून फिरू लागले. २०००मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी बुश अध्यक्ष झाले. पुढे इराकचं युद्ध झालं आणि त्या ५३७ मतांचा हिशेब लोक अजून मांडतात. पण नोव्हेंबर २०००मध्ये रांगेत उभ्या असलेल्या फ्लोरिडाच्या मतदाराला ११ सप्टेंबर २००१ कुठून दिसणार होता?

या हौसेला अभ्यासाचं रूप १९४८मध्ये आलं. आर्थर श्लेसिंगर या इतिहासकाराने ५५ जाणकारांना विचारून आजवरच्या अध्यक्षांची प्रतवारी लावली. लिंकन पहिले आले. तेव्हापासून अशा याद्या निघतच आहेत आणि त्यातली नावं वर-खाली होत आहेत. ट्रूमन यांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९५२च्या सुरुवातीला त्यांच्या कामावर खूश असलेले अमेरिकन २२ टक्क्यांवर आले होते. पुढच्या पिढीतल्या इतिहासकारांनी त्याच ट्रूमनना वरच्या रांगेत बसवलं. म्हणजे ट्रूमन जिंकले ती १९४८ची निवडणूक १९५३मध्ये पुन्हा घेतली असती तर एक निकाल लागला असता, १९९० साली घेतली असती तर दुसराच. पश्चातबुद्धी म्हणजे काळाच्या शेवटी उभा असलेला न्यायाधीश नव्हे. तिलाही तारीख असते, आणि ती तारीख आपण सांगत नाही.

हे आपल्याकडे ताडून पाहायला १९७७ पुरेसं आहे. हिंगोली हा लोकसभा मतदारसंघ त्याच निवडणुकीत पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला. आणीबाणी ताजी होती. जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील निवडून आले. अडीच वर्षांत जनता सरकार भांडणांत कोसळलं आणि जानेवारी १९८०मध्ये हिंगोलीने इंदिरा काँग्रेसच्या उत्तम राठोडांना दिल्लीला पाठवलं. १९८०च्या मतदाराला १९७७चं मत वाया गेल्यासारखं वाटलं असेल, तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. त्याच्यासमोर भांडणं होती, महागाई होती. पण आज मागे पाहताना मला त्या मतामागे ४४वी घटनादुरुस्ती दिसते. १९७८च्या त्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या सैल कारणावर आणीबाणी लादण्याची वाट बंद केली आणि तिथे ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातलं. ते फळ १९८०च्या पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटलं असेल. आज आपल्या डोक्यावरचं छप्पर ते आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. फेरमत द्यायचं तर आधीचं मत आठवायला हवं, आणि आठवणच बदलते. १९६०मध्ये केनेडींना पन्नास टक्क्यांच्याही किंचित खाली मतं होती. निक्सनवरची आघाडी देशभरात सव्वा लाखाच्या आत होती. नोव्हेंबर १९६३मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पाहणीत जवळपास दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की, आपण केनेडींनाच मत दिलं होतं. हे लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. शोकाने त्यांच्या मतपेटीत हात घातला होता, आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

केनेडीही ४६ वर्षांचे होते. सातवांबद्दल हिंगोलीत आज बोलणं निघतं तेव्हा मला हे आठवतं. १,६३२ मतांनी जिंकलेला माणूस आता सगळ्यांचाच होतो. अकाली गेलेल्या माणसाबद्दल गाव असंच बोलतं, आणि तसं बोलावंही. पण ते मत नव्हे. २०१४मध्ये वानखेड्यांना मत देणारे ४ लाख ६५ हजार लोक कुठे गेले नाहीत, आणि त्यांच्याकडेही तेव्हा कारणं होती.

मत मागे घेण्याची कल्पना आपल्याकडे निव्वळ कल्पना राहिलेली नाही. जयप्रकाश नारायणांनी १९७४च्या बिहार आंदोलनात लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा हक्क मागितला. खासदार-आमदारांबाबत तो आजही मिळालेला नाही. ग्रामपंचायतीत मात्र त्याची सावली उतरली आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास आणला, की तो ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करतं. निवडणुकीनंतर पहिली दोन वर्षं असा ठराव आणता येत नाही. ही दोन वर्षांची अट मला फार शहाणी वाटते, कारण पश्चातबुद्धीला पिकायला वेळ लागतो. डिसेंबर २०२४मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने विधानसभेचं मतदान कागदी मतपत्रिकेवर पुन्हा घ्यायचं ठरवलं होतं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. पण त्या गावाला मत बदलायचं नव्हतं, दिलेलं मत तपासायचं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत.

खरं तर हिंगोलीने कायद्याची वाट पाहिलीच नाही. उत्तम राठोड १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग तीनदा निवडून आले. त्यानंतर या मतदारसंघाने कुणालाही लागोपाठ दुसऱ्यांदा लोकसभेत पाठवलेलं नाही. १९९१ला विलास गुंडेवार, १९९६ला शिवाजी माने, १९९८ला सूर्यकांता पाटील, १९९९ला पुन्हा माने, २००४ला पुन्हा सूर्यकांताताई, २००९ला वानखेडे, २०१४ला सातव, २०१९ला हेमंत पाटील, २०२४ला नागेश पाटील आष्टीकर. सातवांसारखे काही मैदानातच नव्हते, हेमंत पाटलांसारख्या काहींना उमेदवारी उरली नाही, हे मान्य. तरी माने आणि सूर्यकांताताईंमधली ती आठ वर्षांची ये-जा पाहा. मतदार पुन:पुन्हा आपलंच मत खोडत होता. त्याने मतदारसंघाला काय मिळालं, हा प्रश्न उरतोच.

जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या घटनेला तर यातल्या कुठल्याच मताचा धागा जोडता येत नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, व्हायची आहे. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी या लहरी टिपल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ला झाली आणि आठवड्याभरात केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. २,६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३मध्ये आली. तत्त्वतः मंजुरीवेळी खासदार काँग्रेसचे, अंतिम मंजुरीवेळी शिवसेनेचे, तेही पक्ष दुभंगल्यानंतर शिंदे गटातले. मग २०१४ आणि २०१९च्या फेरमतात लायगो कुणाच्या खात्यात टाकायचं? निर्णय वैज्ञानिकांच्या चिकाटीचा आणि दिल्लीचा होता.

२०१९ला हेमंत पाटलांना मत देणाऱ्याला शिवसेनेतलं जून २०२२चं बंड दिसणं शक्य नव्हतं. त्याला आज दोषी ठरवणं अन्याय आहे आणि शाबासकी देणंही तितकंच निराधार आहे. म्हणून फेरमताचा एकच प्रामाणिक प्रकार मला मान्य आहे: त्या दिवशी जे कळू शकत होतं, तेवढंच हातात घेऊन पुन्हा रांगेत उभं राहणं.

२०१४पुरतं हे जमण्यासारखं आहे. वानखेडे आधीची पाच वर्षं खासदार होते. सातव तीच पाच वर्षं कळमनुरीचे आमदार होते. एकाने लोकसभेत काय विचारलं, दुसरा विधानसभेत काय बोलला, हे सभागृहांच्या छापील कार्यवाहीत आहे. दोघांनी दिलेली शपथपत्रं आहेत. सातवांना पुढे मिळालेला संसदरत्न पुरस्कार बाजूला ठेवायचा, वानखेड्यांचं पक्षांतर बाजूला ठेवायचं आणि १६ मे २०२१ तर मनातून काढायचाच. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे. २००९ ते २०१४ची ती पानं किनवट-उमरखेडपासून वसमतपर्यंतच्या किती मतदारांनी तेव्हा उघडली होती, आणि आष्टीकरांची २०२४पासूनची पानं आज कोण उघडतंय?