शब्द कुणाचे, गळा कुणाचा?

दहावीच्या वर्गात संतकाव्य शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तियात्रातले गायक आपली कांतारां स्वतः लिहितात. मग आमचे बुवा नेहमी तुकोबांचे अभंगच का गातात? त्यांना स्वतःचे काही सांगायचे नसते काय?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

मुलाची माहिती खरी होती. आल्फ्रेड रोझ (१९३२–२००३) यांच्यासारखा कलावंत स्वतः लिही, चाल बांधी आणि गाई. परंतु त्याच दुनियेत लोर्नाही आहे. शब्द आणि चाल ख्रिस पेरी यांची, गळा तिचा. पण तिचे गाणे ऐकताना हे दुःख उसने आहे असे कुणाला वाटले नाही. अर्थात परावलंबनाचीही किंमत असते. पेरींच्या संचापासून दुरावल्यावर लोर्ना बरीच वर्षे रंगमंचावर नव्हती; ती परतली १९९५ साली. पाश्चात्त्यांकडेही गायकाने स्वतःच लिहावे ही अपेक्षा मुख्यतः साठच्या दशकात रुजली. ज्याला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तो बॉब डिलन तिचा मोठा प्रतिनिधी. त्याच्या आधीच्या एल्विस प्रेस्लीने जवळजवळ काहीच लिहिले नव्हते, म्हणून त्याचे गाणे कुणी खोटे ठरवले नाही.

आमच्या डिचोली-पेडण्याकडे ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. घरात आपण कोंकणी बोलतो आणि देवळात मराठी भजन म्हणतो. म्हणजे शब्द दुसऱ्याचे आणि भाषाही चुलीपाशी न बोललेली. तरीही चतुर्थीच्या आरत्या-भजनांत अक्षरओळख नसलेल्या आजीला अभंग कुठे वळणार हे बुवाच्या आधी कळते! यातली एक खूण मला फार मोलाची वाटते. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांची, नामदेवांची नाममुद्रा असते आणि ती गाइल्यावाचून अभंग पुरा होत नाही. शब्द कुणाचे, हे गायकालाच स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर मात्र गायिका म्हणून लताबाईंचे नाव नव्हते, पडद्यावरच्या 'कामिनी' या पात्राचे होते. गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. आमच्या संतांनी तो बंदोबस्त चरणातच करून ठेवला होता. (मानधनाचा नव्हे, नावाचा!)

आता आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. सोहिरोबानाथ आंबिये हे अठराव्या शतकातले. घराणे मूळ पेडण्यातील पालयेचे, वास्तव्य बांद्याला. त्यांच्या मुखातून पदे निघत आणि बहीण ती उतरवून घेई, असे परंपरा सांगते. म्हणजे इथे खुद्द कवीचा लेखकही दुसराच! पुढे मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी सोहिरोबांच्या पदाला चाल दिली, ते गाइले आणि ज्यांनी सोहिरोबांची पोथी कधी हाती धरली नव्हती अशांच्या घरी ते जाऊन पोचले. अभिषेकींनी त्यात एक शब्द घातला नाही. मग त्यांनी केले काय? श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर रेंगाळायचे, कुठला पुन्हा घ्यायचा हे ठरवले. प्रत्येक चरणानंतर ध्रुवपद परत येते तेव्हा शब्द तेच असतात, पण मधल्या चरणाने त्यांचा अर्थ थोडा हललेला असतो. तो हललेला अर्थ ऐकू आणणे हे गायकाचे काम, आणि त्याला लिखाणापेक्षा कमी प्रतीचे मानायला मी तयार नाही. केरीच्या केसरबाई केरकर १९७७ च्या सप्टेंबरात निवर्तल्या. त्याच महिन्यात सुटलेल्या 'व्हॉयेजर १' यानाच्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे. तीतल्या शब्दांचा कर्ता कोण, असे त्यांच्या चाहत्यांपैकी किती जणांनी विचारले असेल?

तेव्हा शब्द उसने घेण्यात मला दोष दिसत नाही. दोष दिसतो तो गळा उसना घेण्यात. पूर्वी कॅसेटवरून आणि आता मोबाईलवरून मुले अभंग उचलतात ते नामवंत गायकाच्या हरकती-मुरक्यांसकट. मूळ गायक मध्ये खोकला असता तर तेही बसवले असते! भजन स्पर्धेत लागोपाठ तीन मंडळांकडून एकच तान त्याच जागी ऐकली की परीक्षकांची दया येते.

त्या मुलाच्या प्रश्नाचा अर्धा भाग तरीही उरतोच. एकेकट्या गायकाने लिहिले नाही तरी चालेल, पण गावाने लिहिणे थांबवावे काय? आमच्या बायका धालोच्या मांडावर आणि फुगडीत अजूनही जुन्या गाण्यात नवी ओळ घालतात; तिथे गाणारी कोण आणि रचणारी कोण हे वेगळे काढता येत नाही. दशावतारातला नट लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर संवाद रचतो. बाकीबाब बोरकरांनी मराठी-कोंकणी दोन्हींत लिहिले आणि आपली कविता स्वतः गाइली. भजनात मात्र आम्ही निव्वळ वारसदार होऊन बसलो आहोत. मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ आला. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. यावर ग्रामसभेत भांडणे झाली, वर्तमानपत्रांत पत्रे आली. पण यातले काहीही देवापुढे मांडणारे एकही पद मी आजवर कुठल्या बुवाच्या वहीत पाहिलेले नाही. तुकोबांनी आपल्या काळातला दुष्काळ आणि कर्ज अभंगात आणले होते, हे आपण वर्गात शिकवतो.

भजनी सप्ताहात प्रत्येक पाराला एक तरी नवे पद असावे, असे मला सुचवावेसे वाटते. ते बुवानेच लिहावे असे नाही. शिक्षकाने लिहावे, कदंबाच्या कंडक्टरने लिहावे, धालोत गाणाऱ्या एखाद्या काकीने सांगावे आणि कॉलेजातल्या मुलीने उतरवून घ्यावे. मराठीत लिहावे की कोंकणीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव मात्र असावे, आणि बुवाने ते टाळांच्या गजरात बुडू न देता स्वच्छ म्हणावे. पद साधारण निघाले तर पुढल्या वर्षी ते कुणी घेणार नाही. फुगडीतल्या कितीतरी ओळी अशाच गळून गेल्या आहेत.