पुढची ओळ

नव्या करारातलं याकोबाचं पत्र छोटं, अवघ्या पाच अध्यायांचं. दुसऱ्या अध्यायात तो एक सभा आपल्या डोळ्यांपुढं आणतो. बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर भारी कपडे असलेला एक माणूस आत येतो. मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला अदबीनं चांगली जागा मिळते. दुसऱ्याला उभं राहायला, नाहीतर पायापाशी बसायला सांगितलं जातं. कुणी कुणावर हात उगारलेला नाही, शिवी दिलेली नाही. तरी याकोब याला सरळ पाप म्हणतो, आणि लगेच पुढं व्यभिचार आणि खून यांची नावं घेतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला ही सभा परकी वाटायचं कारण नाही. औंढा नागनाथाला नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं जायला सांगितलं आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा इथं लहान पोरांनाही ठाऊक असते. इथला नंदी देवळाच्या पाठीमागं का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनही तीच सांगतात. नामदेव याच जिल्ह्यातल्या नरसीचे, असं परंपरा मानते. जातीनं शिंपी. देवळातून हाकललं गेल्याचा आणि देऊळ वळल्याचा प्रसंग गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदांतही येतो. तिथं त्यांची ६१ पदं आहेत. चमत्कार म्हटला की आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. मला मात्र चमत्काराच्या आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. ‘मागं जा’ म्हणणाऱ्यांना आपण पाप करतोय असं वाटलंच नसणार. आपण देवळाची शिस्त राखतोय, एवढंच त्यांच्या मनात असणार.

पक्षपाताचं हेच लक्षण आहे. तो नेहमी रीतभात म्हणून येतो. आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवात बघा. पुढं सोफे, त्यांच्यावर पांढरी आच्छादनं. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याच्याही मागं सतरंजी. मुहूर्ताची वेळ टळून जाते, कारण पुढाऱ्याची गाडी अजून यायची असते. गाडी आली की माईकवरून नाव, मग टोपी, टॉवेल, शाल. नवरीचा मामा अंतरपाटापाशी ताटकळत उभा. मांडवासाठी खांब रोवले, पाणी भरलं, चुलीपुढं रात्र काढली, ती माणसं मंगलाष्टकांच्या वेळी कुठं असतात? आणि त्यांची पंगत कितवी? पानावर बसवायची वेळ येते तेव्हा भात संपत आलेला असतो. हे सगळं प्रेमानं, आग्रहानं आणि ‘मान राखायला हवा’ म्हणत चालतं. म्हणूनच ते कुणाला खुपत नाही.

या पक्षपातापुढं याकोब एक आज्ञा ठेवतो: शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करावं. ती त्यानं जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातून घेतली. त्याच अध्यायात न्याय करणाऱ्याला बजावलं आहे की श्रीमंताकडं झुकू नकोस आणि गरिबाकडंही झुकू नकोस. म्हणजे इथलं प्रेम मनाच्या उमाळ्यावर सोडलेलं नाही. ते जागा देताना, निवाडा करताना, वाढताना दिसावं लागतं.

आता अवघड भाग. सगळं नियमशास्त्र पाळून एका ठिकाणी चुकला तो सगळ्याचाच अपराधी, असं याकोब म्हणतो. यावरून ‘सगळी पापं सारखीच’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. रोमी सुभेदार पिलातासमोर उभ्या असलेल्या येशूनंच आपल्याला धरून देणाऱ्याचं पाप अधिक मोठं असल्याचं म्हटलं आहे. कॅथलिक परंपराही प्राणघातक आणि क्षम्य असा पापांचा भेद करते. इ.स. ४१५ मध्ये ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडितानं याकोबाच्या याच वचनाचा अर्थ विचारायला जेरोम या दुसऱ्या पंडिताला लांबलचक पत्र लिहिलं. सगळे दोष समान, हे मत स्टोइक तत्त्वज्ञांचं होतं आणि ऑगस्टीनला ते मान्य नव्हतं. त्यानं वाट काढली ती अशी: सगळं नियमशास्त्र प्रेमावर टांगलेलं आहे; प्रेमाविरुद्ध वागणारा मुळावरच घाव घालतो, म्हणून तो सगळ्याचा अपराधी ठरतो. तरी अपराध कमीजास्त असतातच.

हा भेद सोडला तर मोठा अनर्थ होतो. बायकोला मारणाऱ्याला आणि तिच्या तोंडून निघालेल्या एखाद्या खोट्याला एकाच मापानं मोजून ‘आपण सारेच पापी’ म्हटलं, की मारणारा सुटतो आणि मार खाणारी गप्प बसते. तोही पक्षपातच. याकोबाचा रोख उलट्या बाजूनं आहे. मी खून केला नाही, चोरी केली नाही, म्हणून मी चांगला, या हिशेबाची वही तो काढून घेतो. दयेची गरज सगळ्यांना सारखी, एवढीच त्याची समानता. आणि दया न करणाऱ्याचा न्यायही दयेविना होईल, हा त्याचा इशारा.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींनी या कसोटीला उतरायची धडपड केली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, ते मुख्यतः मांग-महार कुटुंबांसोबत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळं कसं गळत गेलं हे ज्या प्रामाणिकपणे लिहिलंय, त्याला मराठीत तोड नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या १९०० मध्ये. मधली वर्षं त्या सोवळ्याशी आणि स्वतःशी झगडत होत्या.

पण बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली गेली, असं म्हणता येत नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांच्या दफनभूमी वेगळ्या राहिल्या. देशातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये चर्चमधला जातिभेद लेखी कबूल केला. सरकारी पातळीवर, १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार धर्मांतरित दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा आजही नाही. समाज त्यांना जातीनं ओळखतो, कागद ओळखत नाही.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई येईल. तुमच्या घरचं कार्य असेल, तर मांडववाल्याला सांगा: खुर्च्या सगळ्या एकसारख्या लाव. आणि पहिल्या पंगतीला स्वयंपाक करणाऱ्यांना, पाणी भरणाऱ्यांना बसवा.