चौथाई आणि वारसा

एखाद्या लोकसमूहाच्या राज्यकर्त्यांनी केलेल्या अन्यायाचा जाब त्या समूहाच्या भाषेला, उपासनेला आणि कलेला विचारावा काय, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नसून शेजारधर्माचाही आहे, याचा प्रत्यय सिंगापुरातील बुकित पंजांगसारख्या वस्तीत येतो. तेथील सरकारी इमारतींत चिनी, मलायी आणि भारतीय कुटुंबांचे प्रमाण ठरवून देणारा दंडक १९८९ पासून अमलात आहे; त्यामुळे परस्परांशी वैर असलेल्या पूर्वजांचे वंशज एकाच लिफ्टने वरखाली करतात.

याच बुकित पंजांगात फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौज शिरली, आणि जवळच्याच फोर्ड मोटार-कारखान्यात १५ तारखेला इंग्रज सेनापती पर्सिव्हल याने शरणागतीपत्रावर सही केली. पुढे जपानी अंमलाखाली हजारो चिनी नागरिकांची कत्तल झाली. तरीही १९८१ साली उत्पादकतेची चळवळ उभारताना सिंगापूरने जपानी कामगारांची कार्यपद्धती आदर्श म्हणून पुढे ठेवली. हे विस्मरण नव्हते. युद्धातील नागरी बळींचे स्मारक त्याच नगरात १९६७ पासून उभे होते.

मराठी माणसाने मात्र परक्यांच्या उदाहरणापाशी थांबू नये. १७४२ पासून सुमारे दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल सुभ्यावर स्वाऱ्या केल्या, चौथाईसाठी गावे जाळली, रयत नागवली, आणि अखेर १७५१ च्या तहान्वये अलिवर्दीखानाने ओरिसा सोडून व सालीना बारा लक्ष रुपये चौथ कबूल करून आपली सुटका करून घेतली. त्या 'बर्गीं'चे, म्हणजे मराठा स्वारांचे, भय बंगाली अंगाईत आजही टिकून आहे. बुकित पंजांगातील मराठी कुटुंबाच्या शेजारची एखादी बंगाली आजी नातवाला निजविताना ते नाव घेत असेल, तर तिच्यावर रुष्ट होण्याचे कारण नाही, कारण ती स्मृती खरी आहे.

या प्रकरणातील धार्मिक अंग मला सर्वाधिक अस्वस्थ करते. १७४२ साली भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर याने बंगालमधील कटव्याजवळ थाटाने दुर्गापूजा मांडली; ज्या देवीला बंगाली रयत शरण जात होती, तिच्याच पुढे त्या रयतेला लुटणारा सरदार हात जोडून उभा होता. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमारास रचलेल्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात मराठ्यांचे आगमन प्रथम ईश्वरी आज्ञेनेच होते. परंतु त्यांचे अत्याचार ब्राह्मण-वैष्णवांनाही भोवू लागताच देवी त्यांचा पक्ष सोडते. दैवत तेच ठेवून या कवीने दोष ठेवला तो कृत्यावर, आणि माझ्या मते धर्मविवेक म्हणतात तो हाच.

फौजेचा दाणागोटा रयतेच्याच कष्टांतून येतो, लुटीचे वाटेकरीही पुष्कळ असतात; म्हणून लोक राज्यकर्त्यांपासून सर्वस्वी अलिप्त असतात, असे मी म्हणणार नाही. परंतु १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या यादव रामचंद्राचा आदराने उल्लेख आहे, त्याच्या राजवंशाचा तीस वर्षांच्या आत अंत झाला, त्यानंतर कितीएक दरबार आले आणि गेले, तरी ग्रंथ लोकांच्या मुखी राहिला. राजाश्रय सरल्याने जो वारसा सरत नाही, त्याला राजाच्या अपराधाचा जामीन करणे अन्यायाचे होय.

तथापि हा भेद मागणाऱ्याने तो स्वतःच्या अभिमानालाही लावून पाहिला पाहिजे. १७५८ ची अटकेची स्वारी 'आमची' म्हणून मिरवावयाची आणि कटव्याची राख मात्र 'भोसल्यांच्या सरदारांची' म्हणून झटकावयाची, असा दुटप्पी हिशेब परमुलखात वाढणाऱ्या मुलांना आपण शिकविणार असू, तर शेजाऱ्याने आपली पारख आपल्या अभंगांवरून करावी, अशी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

बंगालने मात्र ही न्यायबुद्धी दाखविली. देवघर परिसरातील मराठी घराण्यात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहिते झाले. १९०४ साली रवींद्रनाथांनी त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला देऊस्करांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ स्वदेशी चळवळीत बंगाली वाचकांनी आपलासा केला. ज्या भाषेत बर्गींची अंगाई गायिली जात होती, त्याच भाषेत एक मराठी माणूस बंगालच्या रयतेला तिच्या नव्या लुटीचा हिशेब समजावून देत होता. इंग्रज सरकारने १९१० साली तो ग्रंथ जप्त केला.