आमचा अल गोर

हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर बेसिनच्या वर एक कागद चिकटवलेला होता. ‘नळ बंद करा. हे पाणी कुणाच्या तरी वाटचं आहे.’ निळ्या बॉलपेनानं, दोनदा गिरवलेलं. एका रात्री मी त्या कागदाखाली एक चित्र काढलं. माणसाचे पाय, अस्वलाचं अंग, डुकराचं तोंड. सकाळी दात घासताना सगळा मजला हसला. मला माझ्या चित्रकलेचा बराच अभिमान वाटला होता.

कागद लावणारा मुलगा जालना जिल्ह्यातला होता. आम्ही त्याला ‘अल गोर’ म्हणायचो.

हे नाव आलं ‘साउथ पार्क’मधून. २०११ साल असेल. पुण्यातल्या त्या हॉस्टेलवर डीसी प्लस प्लसवरून सगळं मिळायचं आणि आम्ही ‘साउथ पार्क’चे सीझनच्या सीझन रात्री बसून संपवत होतो. कोलोरॅडोतलं एक बर्फाळ गाव, शाळेत जाणारी चार पोरं, कागदाचे कपटे कापून चिकटवल्यासारखी चित्रं. दिसायला लहान मुलांचं, पण तोंडात शिव्या आणि विषय धर्मापासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत कुठलाही. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघांनी १९९७ मध्ये ते सुरू केलं. आमच्यासारख्या, घरी संध्याकाळी मालिका आणि बातम्या बघत वाढलेल्या पोरांना ते म्हणजे एकदम खिडकी उघडल्यासारखं होतं. कुणालाच सोडत नाहीत, हेच आम्हाला त्याचं मोठं नैतिक बळ वाटायचं.

‘मॅनबेअरपिग’ हा भाग २००६ च्या एप्रिलमधला. अमेरिकेचा माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर पोरांच्या शाळेत येतो आणि एका राक्षसाबद्दल सावध करतो. अर्धा माणूस, अर्धा अस्वल, अर्धा डुक्कर. (तीन अर्धे. गणित चुकलेलं आहे, विनोद तिथेच आहे.) खरा गोर तेव्हा हवामानबदलाबद्दल जगभर बोलत फिरत होता, त्याच्यावरचा माहितीपट त्याच वर्षी आला. कार्टूनमधला गोर मात्र मित्र नसलेला, लक्ष वेधून घ्यायला आसुसलेला माणूस आहे. मी गंभीर आहे असं तो सारखा सांगतो, पण त्याच्या तोंडून ‘सिरीयस’च्या जागी नाश्त्याचं ‘सिरीयल’ येतं. राक्षसाला मारायच्या नादात तो पोरं अडकलेली गुहा पाण्यानं भरून टाकतो आणि शेवटी अंगावर केप घालून स्वतःवरच खूश होत निघून जातो.

तो भाग आजही विनोदी आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यात नेमकं काय घडतं ते मला कळायला बरीच वर्षं लागली. पृथ्वी तापते आहे की नाही, यावर त्यात एक अक्षर नाही. गोरचे आकडे चुकीचे आहेत असं कुणी म्हणत नाही. त्यात फक्त गोर कसा बोलतो ते आहे. आणि एखादा माणूस कसा बोलतो यावर आपण एकदा हसलो, की त्याच्या म्हणण्याचं उत्तर देऊन झालं असं आपल्याला वाटायला लागतं. माझं तरी तसंच झालं. मी तेव्हा हवामानाबद्दल शून्य वाचलेलं होतं, पण मत पक्कं होतं: जे फार कळवळून बोलतात ते जरा येडे असतात.

आता आमचा गोर. तो आंघोळीला अर्धी बादली घ्यायचा. रात्री एकदा उठून सगळ्या बाथरूमचे नळ तपासायचा. मेसमध्ये कुणी अर्धा ग्लास पाणी ओतून टाकलं की म्हणायचा, “आमच्याकडं एवढ्यावर भांडणं होतात.” तो आत आला की कुणीतरी घशातून डुकराचा आवाज काढायचं. तो नळांबद्दल जितकं बोलेल तितका विनोद वाढायचा. आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खरी अडचण दिसते. एखाद्याला तुम्ही चूक म्हणालात तर तो पुरावा घेऊन परत येऊ शकतो. त्याला हास्यास्पद करून ठेवलंत तर पुरावा हाच पुढचा विनोद होतो. तो गंभीर झाला की आपण आणखी हसतो. त्याच्यासाठी दारच उरत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँनं १९०० साली हास्यावर एक पुस्तक लिहिलं. हसायचं तर काळीज थोडा वेळ बधिर व्हावं लागतं, असं त्याचं सांगणं आहे. मला ते पटतं, आणि त्यात वाईट काही आहे असंही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरकडेही बधिर करतातच. प्रश्न आहे तो इंजेक्शन किती वेळ टिकतं याचा. कार्टून या बाबतीत फार सोयीचं असतं. ‘साउथ पार्क’च्या सुरुवातीच्या सीझनमध्ये केनी नावाचा पोरगा जवळजवळ प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात जिवंत असतो. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. बघता बघता आपल्याला सवय लागते, की ज्याची टर उडवली तो पुढच्या आठवड्यात होता तसा परत येणार.

२०१२ ला मराठवाड्यात पाऊस झाला नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर, आमचा गोर दहा दिवस गावी गेला. चुलत बहिणीचं लग्न आहे म्हणाला. परत आला तेव्हा पार करपला होता. आम्ही विचारलं, “काय रे, लग्नात मांडव नव्हता का?” तो हसला.

कॉलेज संपल्यावर त्याच्या तालुक्यातल्या एकाकडून कळलं की लग्नबिग्न काही नव्हतं. त्यांची मोसंबीची बाग होती. विकतचे टँकर घालून बापलेकांनी झाडं जगवायला पाहिली, ती जगली नाहीत, मग तोडली. त्या साली जालन्यात असंख्य बागा अशाच गेल्या. ते दहा दिवस तो ती वाळलेली झाडं तोडत होता.

आमच्या हसण्यामुळे पाऊस पडला नाही असं नाही. एक बाग वाचवणं आम्हाला शक्यही नव्हतं. म्हणजे हिशोब मांडायला बसलो तर माझ्या नावावर नुकसान शून्य. तरीही मला झोपेतून उठवणारी गोष्ट ही आहे, की त्यानं आम्हाला सांगितलं नाही. एका मजल्यावर राहणाऱ्या, एका ताटात खाणाऱ्या मित्रांना आपली बाग गेली हे सांगण्यापेक्षा त्याला लग्नाची थाप सोपी वाटली. सांगितलं असतं तर आम्ही नक्की गप्प झालो असतो, मिठी मारली असती, असं मी स्वतःला सांगतो. पण त्यानं तो धोका का पत्करावा?

‘साउथ पार्क’चा एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो. मत मागे घ्यायला त्यांना बारा वर्षं लागली. पण घेतलं, आणि हे मी त्यांच्या बाजूनं मोठं मानतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सलग दोन भाग आले. मॅनबेअरपिग खरा निघतो आणि गावात माणसं फाडायला लागतो. एका हॉटेलात एक माणूस बायकोला हे सगळं थोतांड आहे असं समजावतोय आणि त्याच्या पाठीमागे राक्षस लोकांना मारतोय. पोरं गोरकडे माफी मागायला जातात. गोर आधी मनसोक्त भाव खातो, कारण बरोबर ठरला म्हणून माणूस काही सुधारत नाही. मग कळतं की गावातल्या आजोबांच्या पिढीनं राक्षसाशी कधीच करार करून ठेवलेला होता, गाड्या आणि चांगल्यातलं आइस्क्रीम यांच्या बदल्यात. नवा करार करायची वेळ येते तेव्हा गावकरी सोया सॉस आणि एक व्हिडिओ गेम सोडायला तयार होत नाहीत.

मी ते एकट्यानं, फ्लॅटवर, फोनवर पाहिलं. हसलो. मग हसणं थांबलं, कारण लक्षात आलं की माफीवरही मी हसतोच आहे. विनोदातून मागितलेल्या माफीत मागणाऱ्याचं काय जातं? बारा वर्षांपूर्वी टाळ्या मिळाल्या, आता प्रांजळपणाबद्दल पुन्हा टाळ्या. दोन्ही वेळा बाजी त्यांचीच. त्यांना मी फार दोष देत नाही, त्यांच्याकडे तेवढंच हत्यार आहे. माझ्याकडे निदान त्याचा नंबर होता.

रात्री अकराला मेसेज टाकला. लांबलचक. कागद, चित्र, बाग, सगळं. सॉरी म्हटलं. एकही स्माइली घातली नाही, ते अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. “अरे ते कार्टून मी कधी बघितलंच नाही. तुम्ही गोर गोर करायचे ना, मला वाटायचं मी काळा आहे म्हणून उलटं गोरा म्हणता.”

चार वर्षं. आम्हाला वाटत होतं की आम्ही त्याच्या मतांची टिंगल करतो आहोत, आणि तो चार वर्षं रंगावरून टोमणे ऐकत होता. विनोदाचा अर्थ काय, हे करणारा ठरवतो असं मी तोवर धरून चाललो होतो. मी टाइप करत राहिलो, खोडत राहिलो. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला: “लिंक असली तर दे.”

दोन्ही भागांची नावं पाठवली. रविवारी त्याचा फोन आला.

“पहिला भारी आहे,” तो म्हणाला. “केप घालून जातो ते तर लईच. दुसऱ्यात सारखं सॉरी सॉरी, मजा नाय येत.”

मी विचारलं, बागेचं काय.

“मोसंबीच लावलीय परत. दोन एकर. ठिबक केलंय. यंदा पाऊस नाही झाला, पण लहान झाडांना कमी लागतं.” मग म्हणाला, “तुमच्या सोसायटीला पाणी किती वेळ येतं रे?”

मला माहीत नव्हतं. नळ सोडला की येतं, एवढंच माहीत होतं.