खोटं गर्भारपण

गेल्या नोव्हेंबरात आमच्या चिंगीने एक मोजा पोटाशी घेतला आणि घरात दोन तट पडले.

चिंगी म्हणजे आमची तीन वर्षांची लॅब्रॅडॉर. लेस्टरला आल्यावर मुलांच्या हट्टापायी घेतलेली, आणि अर्थातच फिरवायला मी! जिन्याखालच्या कपाटात जुने टॉवेल ओढून तिने घर केलं. धाकट्याचा फुटबॉलचा मोजा आणि एक कापडी ससा कुशीत घेतला. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. टॉवेलवर दुधाचे डाग दिसले तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही व्यायला झालीय." पण ते शक्यच नव्हतं. माजावर असताना आम्ही तिची दोरी क्षणभरही सोडली नव्हती.

व्हेटने सांगितलं, हे खोटं गर्भारपण. माज संपल्यावर गर्भ राहो न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन साधारण दोन महिने पाझरत राहतं. ते ओसरलं की प्रोलॅक्टिन चढतं, दूध उतरतं आणि मन पिल्लं शोधू लागतं. लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच मादी विते आणि बाकीच्या तिची पिल्लं सांभाळतात. त्याचाच हा वारसा असावा, असा एक कयास आहे. म्हणजे हा आजार नव्हे, वेडही नव्हे.

उपायही साधे. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप निवळतं. आचळांना हात लावायचा नाही, दूध तर मुळीच काढायचं नाही, कारण काढलं की वाढतं. स्वतःच चाटत असेल तर गळ्यात तो पसरट कॉलर. फिरवणं वाढवायचं. आचळ लाल, कडक, गरम झालं तर ताबडतोब दाखवायचं. फारच हटून बसलं तर कॅबरगोलिन नावाचं औषध असतं. ऑपरेशन करायचं तर हे सगळं ओसरल्यावर. मध्येच केलं तर उलट लांबू शकतं. "एक वेत होऊ द्या, मग थांबेल," असं बरेच जण सांगतात, त्याला अर्थ नाही.

आणि शेवटी, मोजा नि ससा काढून घ्यायचे.

इथेच भांडण झालं. आमचे हे म्हणाले, भ्रम तो भ्रम, जितका जपाल तितका लांबेल. पंधरा वर्षांची लेक रडवेली झाली, "तुम्ही तिचं बाळ चोरताय." सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी माहेरची गोष्ट सांगितली, सांगोल्याकडची. म्हशीचं रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करायचे. ती चाटायची आणि पान्हा सोडायची. "तिला आम्ही खोटं रेडकू दिलं ते आमच्या दुधासाठी. हिचं खोटं पिल्लू काढणार ते तिच्या भल्यासाठी. मग मला हेच जास्त वाईट का वाटतंय?"

मला मात्र 'खोटं' या शब्दाशीच अडखळायला होत होतं. मोजा खोटा, हे कबूल. पण गुरगुरणं? रात्रभर न झोपता दिलेला पहारा? ते कशाच्या हिशेबाने खोटं?

2007 साली पुण्यात सहाव्या महिन्यात माझं मूल गेलं. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. दवाखान्यातून घरी आले तर कपाटातली झबली-दुपटी नाहीशी झालेली. मला त्रास नको म्हणून. हेतू चांगलाच होता, आणि कदाचित डोळ्यांसमोर नव्हती हे बरंही झालं असेल. पण मला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. कुणाच्या मनातलं काय कधी काढून घ्यायचं, हे जो शहाणा असतो तोच ठरवतो. चिंगीच्या बाबतीत आम्ही शहाणे. तिला विचारताही येत नाही.

काढायला हवं होतं, हे मला पटलं होतं. तिची आचळं दगडासारखी झाली होती, खाणं सुटलं होतं. पण हिसकावून नाही आणि सगळं एकदम नाही, एवढं मी लावून धरलं. आधी ससा, ती बागेत असताना. दोन दिवसांनी मोजा.

त्या संध्याकाळी चिंगीने कपाट उकरलं, जिना हुंगला, माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ती झबली मीच काढली होती."

"माहीत आहे, आई."

"दिली नाहीत कुणाला. सांगोल्याला ट्रंकेत आहेत."

चिंगी अजून जिन्यापाशीच होती. तिसऱ्या दिवशी ती जेवली.