छपराचे पैसे

कुंभकोणममध्ये 2004 साली सरकारी पैसा दोनदा धावून आला. मार्चमध्ये महामहम होता. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वस्नानासाठी सरकारने हात सैल सोडला. 1992 च्या महामहमात मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या असताना चेंगराचेंगरीत पन्नासेक माणसे गेली होती. पुन्हा तसे होऊन चालणार नव्हते. चार महिन्यांनी, 16 जुलैला, पैसा पुन्हा आला. या वेळी दर होता मृत मुलामागे एक लाख रुपये.

तंजावरपासून हे गाव जेमतेम चाळीस किलोमीटरवर. तिथल्या काशीरामन रस्त्यावरच्या कृष्णा शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघराने पेट घेतला आणि आग वरच्या वर्गाच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली. 94 मुले होरपळून मेली. राज्यात अण्णा द्रमुक, तर दिल्लीत दोनच महिन्यांपूर्वी द्रमुकच्या साथीने आलेले सरकार. मदत जाहीर करायला उशीर करणे दोघांनाही परवडणारे नव्हते.

या तातडीला मी नावे ठेवत नाही. अंत्यविधीच्या दिवशी घरात पैसा लागतोच. पण सहायता निधीतून येणाऱ्या रकमेवर कुणाचा हक्क नसतो. आकडा देणारा ठरवतो, देतानाचा फोटो निघतो, आणि चूक कुणाची या प्रश्नाला त्यात हातही लागत नाही. ते उत्तर हवे असेल तर कोर्टाची पायरी चढावी लागते. कुंभकोणमचा फौजदारी निकाल लागायला दहा वर्षे गेली. 30 जुलै 2014 रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी धरले, अकरा सुटले. शाळेच्या संस्थापकाची जन्मठेप 2017 मध्ये उच्च न्यायालयाने भोगलेल्या शिक्षेइतकी कमी केली. वाढीव भरपाईसाठीही पालकांना उच्च न्यायालयातच जावे लागले.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आग 1997 ची, त्यात 59 बळी गेले. तिथल्या कुटुंबांनी संघटना उभारली, चांगले वकील लावले, वर्षानुवर्षे पिच्छा सोडला नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची रक्कम खाली आणली, तरी वीस वर्षांखालील मृतांमागे साडेसात लाख आणि मोठ्यांमागे दहा लाख उरले. असे लढायला लागणारे बळ कुंभकोणमच्या शेतमजुराकडे आणि रोजंदारीवरच्या बापाकडे कुठून येणार? लेकराच्या जिवाचे मोल असे आईबापांच्या ऐपतीवर ठरते, आणि तरीही कुणी बेकायदा वागलेले नसते. हेच मला सर्वांत जास्त खुपते.

आपण महाराष्ट्रात वेगळे वागतो असे नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. राज्याने पाच लाख आणि पंतप्रधान निधीने दोन लाख लगेच जाहीर केले. त्याच रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, अशा बातम्या मागाहून आल्या. आणि 2012 मध्ये मंत्रालय जळाले, तेव्हा डागडुजीच्या निधीसाठी कुणा आईबापांना अर्ज करावा लागला नाही! (तिथेही माणसे मेली, हे विसरू नये.)

फाईल अडते ती आगीच्या आधीच. दुसरा जिना, पक्के छप्पर, बाहेर उघडणारा दरवाजा यांच्या उद्घाटनाला कोण मंत्री येणार? कुंभकोणमनंतर तमिळनाडूत शाळांवरची झावळ्यांची छपरे उतरवायला लावली. हुकूम योग्यच होता. पण गरिबांच्या स्वस्त शाळेने पत्र्याचे आणि सिमेंटचे पैसे आणायचे कुठून, याचे उत्तर हुकुमात मावत नाही. मग फी वाढते किंवा शाळा बंद पडते. म्हणजे आगीची किंमत पुन्हा त्याच घरांनी चुकवायची.

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम समितीकडे सोपवले. सरकारी अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. बहुतेक पालक त्यावर न वाचता सही करतात. यंदाच्या आराखड्यात दुसऱ्या जिन्याचा खर्च लिहिलाय का, हे सहीआधी मुख्याध्यापकांना विचारता येते. आणि नसेल तर तो लिहायला लावता येतो.