बाजाराचा धनी कोण?

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ते ठेवलेलं. त्याआधी गावाची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उन्हापावसात विकली जायची. नगरपालिकेत मंडईचा विषय आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पालिकेचे सभासद होते. लोकांचा पैसा असल्या थाटाच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. पुणेकर ही हकिगत चवीनं सांगतात आणि हसून सोडून देतात.

मला मात्र त्या विरोधातला प्रश्न अजून जिवंत वाटतो. दुकानदार धंदा करतो, नफा त्याच्या गल्ल्यात जातो. मग पालिकेनं सगळ्यांच्या करातून बाजाराची उठाठेव का करावी? शहराच्या मधल्या पेठांतले व्यापारी हल्ली कुठल्याही सभेत ‘पालिकेनं आमच्यासाठी काहीतरी करावं’ असं म्हणतात, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं.

उत्तर शोधायला दुकानात नाही, गल्लीत जावं लागतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, तापकीर गल्लीत विजेचं सामान, बोहरी आळीत दोरीपासून कुलपापर्यंत काहीही. एकाच मालाची दुकानं एकमेकांना खेटून का बसतात? शेजारचा तर स्पर्धक. पण गिऱ्हाईक येतं ते त्या एका दुकानासाठी नव्हे, दहा दुकानं पालथी घालता येतात म्हणून. शेजाऱ्याकडे आलेला माणूस तिथं सौदा जमला नाही की आपल्या पायरीवर येतो. म्हणजे प्रत्येकाच्या धंद्यातला एक हिस्सा असा आहे, जो त्यानं स्वतः कमावलेला नाही. तो गल्लीनं कमावलेला आहे. आणि गल्लीचा मालक कुणीच नाही.

मॉलमध्ये हा घोळ नसतो. तिथं एक मालक असतो. कुठल्या मजल्यावर कुणाला जागा द्यायची, स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुवायचं, माल कुठल्या दारानं आणि किती वाजता आत घ्यायचा, दिवा गेला तर तो कुणी बदलायचा, हे सगळं ठरलेलं. त्यासाठी प्रत्येक गाळेधारकाकडून महिन्याला मेंटेनन्स वसूल होतो. तोच गाळेधारक लक्ष्मी रस्त्यावर दुकान थाटतो तेव्हा या कामांसाठी एकच दार ठोठावू शकतो, पालिकेचं. रस्ता तिचा, पदपथ तिचा, दिवे तिचे, गटार तिचं, वाहनतळ तिचा, मंडईतले गाळेसुद्धा तिचेच. या बाजाराचा व्यवस्थापक कायद्यानं पालिकाच आहे. अडचण एवढीच, की हे तिच्या गावीही नाही.

एका जुन्या गावातल्या पेठेत माझ्या मित्राचं साड्यांचं दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही, तुम्हाला ते तुमचंच वाटेल. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्याच्याकडे गेलो, तर दुकानासमोर कमरेइतका खोल चर. मित्रानं त्यावर एक लाकडी फळी टाकली होती. शटर उघडलं, पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली आणि नोकर त्या फळीपाशी जाऊन उभा राहिला, येणाऱ्या बायकांना हात द्यायला. एक आजीबाई आल्या. फळीवर एक पाय ठेवला, खाली पाहिलं, पाय मागं घेतला आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘चल गं, पुढं बघू.’’ पुढंही चरच होता.

मित्र म्हणाला, ‘‘जूनमध्ये पाण्याची लाइन टाकली. बुजवून डांबर केलं. आता केबल. दोन्ही खात्यांची ओळख नसावी.’’ तो क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आला होता. तिथं त्याला कुणी उद्धट बोललं नाही. पाणीवाल्यांनी पथ विभागाकडे पाठवलं, पथवाल्यांनी खोदाईची परवानगी दाखवली, परवानगी देणाऱ्यानं तारीख वरून आल्याचं सांगितलं. प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी बरोबर होतं. पण त्या इमारतीत असा एकही माणूस नव्हता, ज्याच्या कामाच्या यादीत ‘बाजार’ हा शब्द होता. बाजाराचे वर्षातले चार-पाच आठवडे असतात: गौरी-गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई. त्या आठवड्यांत कुदळ लावायची नाही, हे कळायला अभ्यासगट नेमावा लागत नाही. ते ठरवण्याचा अधिकार असलेला एक माणूस लागतो.

हे असं का झालं? मला वाटतं, त्याचं एक कारण तिजोरीत आहे.

एके काळी महाराष्ट्रातल्या महापालिका जकातीवर चालत. शहरात माल आला की नाक्यावर पैसे पडत. ही पद्धत व्यापाऱ्यांना कधीच आवडली नाही, आणि नाक्यावरच्या रांगा व चिरीमिरी पाहिलेला कुणीही तिच्यासाठी गळा काढणार नाही. पण तिच्यात एक नातं होतं: बाजार चालला की पालिका चालायची. पुण्यात २०१३ च्या एप्रिलपासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पाया मानून त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ, असा हिशेब. म्हणजे तुळशीबाग गजबजली तरी तेवढेच आणि ओस पडली तरी तेवढेच. उरलेलं मोठं उत्पन्न मिळकतकराचं आणि बांधकाम परवानग्यांचं. आणि नवी बांधकामं कुठं होतात? शहराच्या कडेला, नव्यानं हद्दीत आलेल्या गावांत. पालिकेचं लक्ष तिकडं वळलं यात दुष्टावा नाही. जिथं पीक येतं, तिथं शेतकरी पाणी सोडतो.

म्हणून मधल्या पेठांना मदत कशी करावी, या प्रश्नाचं माझं उत्तर सवलत आणि अनुदानापासून सुरू होत नाही. तुटलेलं नातं परत बांधायचं, हे खरं काम. बाजारातून पालिकेला जे मिळतं, म्हणजे वाहनतळाचं शुल्क, गाळ्यांचं भाडं, जाहिरात फलकांचे पैसे, पथारीवाल्यांचं शुल्क, त्यातला ठरावीक वाटा त्याच बाजाराच्या नावानं वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तिथंच खर्च करावा. त्या खात्याला एक जबाबदार अधिकारी द्यावा. त्याचं नाव आणि फोन नंबर चौकात पाटीवर लावावा. पुढची सगळी कामं या दोन गोष्टींतून सुचतात. त्या नसतील तर सुशोभीकरण होतं, उद्घाटन होतं आणि दोन पावसाळ्यांत फरशी उखडते.

पहिलं काम सांगायलाही संकोच वाटावा इतकं साधं आहे. तुळशीबागेसारख्या बाजारात गिऱ्हाईक मुख्यतः बायका. बाजाराला निघताना ‘पाणी फार पिऊ नकोस’ असं आईनं मुलीला सांगणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय, की त्यात काही गैर आहे हेही जाणवत नाही. या वाक्याचा धंद्यातला अर्थ असा: गिऱ्हाईक दोन-तीन तासांपेक्षा जास्त थांबणार नाही. दुकानात काम करणाऱ्या मुलींना तर दहा तास काढायचे असतात. स्वच्छ, उजेडाचं, राखणीला माणूस असलेलं स्वच्छतागृह बाजारात जेवढी विक्री वाढवेल, तेवढी कुठलीही रोषणाई वाढवणार नाही.

दुसरा विषय गाड्यांचा. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. व्यापाऱ्यांची भीती ठाऊक आहे: गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. ही भीती खोटी ठरवायला एक दिवस पुरत नाही, तशी खरी ठरवायलाही पुरत नाही. पण कुठल्याही पेठेत सकाळी दहाला जाऊन पाहा, दुकानासमोरच्या पहिल्या दुचाक्या कुणाच्या असतात? बऱ्याचदा मालकाच्या आणि नोकरांच्याच. त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाइकाची जागा दुकानच अडवून बसलेलं असतं. मंडईशेजारी पालिकेचे वाहनतळ आहेत. त्यातला एक तर जुन्या आर्यन चित्रपटगृहाच्या जागेवर उभा आहे. पण वाहनतळात पैसे आणि रस्त्यावर फुकट, असा व्यवहार असेल तर शहाणा माणूस रस्ताच निवडणार. पुण्याच्या मुख्य सभेनं २०१८ साली पे अँड पार्कचं धोरण मंजूर केलं, तेही मोजक्या रस्त्यांवर प्रयोग म्हणून. पुढची कित्येक वर्षं ते कागदावर राहिलं.

आता तर निमित्तही आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटात मेट्रोचं स्थानक आहे. जमिनीखालून आलेला माणूस वर येतो तेव्हा तो पादचारीच असतो. त्याला तिथून तुळशीबागेपर्यंतची पावलं सरळ, सपाट आणि सावलीतून टाकता आली, तर गाडी न आणणारं एक नवं गिऱ्हाईक पेठेला मिळतं. ती पावलं पालिकेच्या हातात आहेत.

मात्र नुसतं वाहनं बंद करूनही भागत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्यानं बांधून २०२१ मध्ये खुला केला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. काम देखणं झालं. पण नंतर वाहनं घुसू लागली, खांब मोडले, अतिक्रमणं परतली, अशा तक्रारी व्यापारीच करू लागले. बांधणारा होता, सांभाळणारा नव्हता. आपल्याकडेही टेम्पोनं माल उतरवायची वेळ ठरवली आणि ती पाळायला कुणी ठेवलाच नाही, तर अकरा वाजता ऐन रस्त्यात गठ्ठे उतरणारच.

तिसरा विषय नाजूक आहे. बाजाराची बैठक भरली की दुकानदारांची पहिली मागणी असते, ‘पथारीवाले हटवा.’ आणि संध्याकाळी त्याच दुकानदाराची बायको पथारीवरून गजरा आणि पिना घेते. बाजार गजबजलेला दिसतो, त्यात पथारीचा वाटा मोठा असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं याची वाट आखून दिली आहे: विक्रेत्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागांची आखणी आणि नगर पथविक्रेता समिती, जिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले. आखणी न करता फक्त कारवाई केली की काय होतं, ते आपण रोज पाहतो. गाडी येते, माल उचलते, तासाभरात पथारी परत लागते, आणि मधल्या तासाचा खर्च विक्रेत्याच्या दिवसभराच्या कमाईतून जातो. तीन फुटांची रंगानं आखलेली, क्रमांक घातलेली जागा दुकानदारालाही बरी आणि पथारीवालीलाही. त्या जागेचे पैसे ती उघडपणे देईल. आजही ती देतेच, फक्त पावती मिळत नाही.

बाजारातल्याच लोकांनी एकत्र येऊन वर्गणी काढायची आणि बाजार सांभाळायचा, ही कल्पना जगाला नवी नाही. कॅनडात टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात १९७० साली तिची सुरुवात झाली. इंग्लंडमध्येही त्यासाठी कायदा आहे. तिथं बाजारातले करदाते मतदान करतात, बहुमत झालं तर वर्गणी सगळ्यांना सक्तीची, आणि पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. यातली मुदत आपण जरूर उचलावी, मतदारयादी मात्र तशीच उचलू नये. आपला बाजार दुकानाच्या शटरपाशी संपत नाही. त्यात हमाल आहेत, पथारीवाल्या आहेत, माडीवर पागडीनं राहणारी कुटुंबं आहेत, त्यांची इमारत धोकादायक ठरली की खालचं दुकानही टांगणीला लागतं. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात जेवणारा माणूस त्या बाजाराचा घटक नाही, असं म्हणणारी समिती बाजार ओळखत नाही. आणि अशा समितीवर लक्ष ठेवायला निवडून आलेला नगरसेवक हवा. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं पुण्याचा कारभार प्रशासकांनीच पाहिला. तक्रार घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हेच त्या काळात पेठेला कळत नव्हतं.

कुणी म्हणेल, एवढं करून उपयोग काय? लोक फोनवरून माल मागवतात, पेठा आपोआप मरणार. मित्राच्या दुकानाशेजारी एक मॅचिंग सेंटर आहे. तिथं मी अर्धा तास उभा राहिलो. एका बाईंनी मोरपंखी साडी आणली होती. दुकानदारानं ब्लाउजपीसचे सात-आठ तुकडे काढले, साडीच्या पदरावर ठेवले आणि म्हणाला, ‘‘ट्यूबखाली नका बघू, फसाल.’’ मग साडी आणि तुकडे घेऊन तो स्वतः बाहेर उन्हात गेला. बाईही गेल्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून दोघांनी रंग ठरवला. फोनच्या पडद्यावर हे होत नाही. पण त्यासाठी दुकानाबाहेर उभं राहायला दोन हात जागा लागते. ती जागा दुकानदार विकत घेऊ शकत नाही. ती पालिकेची आहे.

फुल्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन हात जागेत सापडतं. दुकानाच्या आतलं दुकानदारानं पाहावं, तिथं लोकांचा पैसा घालण्याचं कारण नाही. शटरच्या बाहेरचं मात्र सगळ्यांचं आहे, आणि जे सगळ्यांचं असतं ते सांभाळायलाच तर पालिका असते. फुल्यांचा राग थाटावर होता. स्वच्छतागृह, पदपथ, आखलेली पथारी आणि खोदाईचं वेळापत्रक यांत थाट कसलाच नाही.

निघताना मित्राला विचारलं, चर बुजल्यावर या फळीचं काय करणार? त्यानं गल्ल्यामागची भिंत दाखवली. तिथं तशीच एक जुनी फळी टेकवून ठेवलेली होती, कडेला डांबर लागलेली. म्हणाला, ‘‘ही जूनची. टाकून कशाला देऊ?’’